पावडर नको, उजेड द्या

पनवेलच्या कितीतरी लग्नाळू मुली मी गोऱ्या केल्या आहेत. हळद लावून नाही, पेन्सिलीने.

बाजारपेठेतल्या एका फोटो स्टुडिओत मी रिटचिंगचं काम करायचे. तेव्हा फोटो काचेवर निघायचा आणि काचेवर सगळं उलटं दिसायचं, काळं ते पांढरं आणि पांढरं ते काळं. त्या काचेवर टोकदार पेन्सिलीने बारीक ठिपके देत गेलं की कागदावर तेवढी जागा उजळ व्हायची. देवीचे व्रण जायचे, डोळ्यांखालची वर्तुळं जायची, पण सगळ्यात जास्त पेन्सिल झिजायची ती रंगापायी. मुलीला घेऊन बाप यायचा आणि ती खुर्चीवर बसायच्या आधीच मालकांच्या कानाशी लागायचा, "जरा उजळ करा हं." आवाज दबका असायचा, पण मुलीला ऐकू जाईल इतका मोठा असायचाच.

मी स्वतः काळी. सावळी म्हणायची पद्धत आहे, पण तो शब्द लोक दयेपोटी वापरतात आणि मला कुणाची दया नको होती. आम्ही मिठागरावर राबणारी माणसं. आमचं गाव जासईच्या अंगाला. बाप मी लहान असतानाच गेला, आणि आयने मला शिकायला म्हणून पनवेलला मावशीकडे ठेवलं. सातवी झाले, हात स्थिर होता, म्हणून स्टुडिओत लागले. आय मात्र मिठागरावरच राहिली.

स्टुडिओचे मालक बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजाचे होते. बोलायला आमच्यापेक्षा शुद्ध मराठी, शनिवारी दुकान बंद. मी त्यांना काका म्हणायचे. उजेड म्हणजे काय ते मला पहिल्यांदा त्यांनी दाखवलं. स्टुडिओच्या छताला मोठी काच होती आणि तिला पुढे-मागे सरकवायचे पडदे. ते म्हणायचे, "मुख्य उजेड एका बाजूने घ्यायचा, म्हणजे चेहऱ्याला चढउतार येतात. दुसऱ्या बाजूला पांढरी चादर धरायची, म्हणजे सावलीत गेलेला गाल हरवत नाही. आणि पाठीमागून थोडासा द्यायचा, नाहीतर काळे केस काळ्या पडद्यात बुडून जातात." एवढं बोलून झालं की गिऱ्हाईक यायचं, आणि काका सगळे पडदे उघडून समोरून सरसकट उजेड टाकायचे. चेहरा भाकरीसारखा सपाट. उरलेलं काम माझी पेन्सिल करायची.

मी एकदा विचारलं, "काका, माहीत असून असं का करता?"

"अगं, लग्नसराई आहे. कुणाच्या तोंडासाठी एवढा वेळ घालवू?"

आमच्या आयचा एकही धड फोटो नव्हता. एकच होता, तोही घोळक्यातला. कुणी मोठा अधिकारी मिठागर बघायला आला होता, तेव्हा सगळ्या कामकरणींना राशीपुढे उभं करून मुंबईच्या फोटोग्राफरने तो काढला होता. मिठागराच्या कचेरीत तो टांगलेला असे. अधिकाऱ्याच्या कोटाचं प्रत्येक बटण त्यात दिसत होतं. मागे पांढऱ्याशुभ्र मिठासमोर आमच्या बायका म्हणजे काळे डाग, डागांत दात. त्यातला कुठला डाग आपण, हे आयलाही सांगता आलं नव्हतं. ती म्हणाली होती, "बरं जालं, माजं त्वांड कोनाला दिसलं नाय." बाकीच्या बायका हसल्या. मला हसू आलं नाही.

स्वातंत्र्य येऊन काही वर्षं झाली होती, तेव्हाची ही गोष्ट. मीठ काढायचा हंगाम भरात होता आणि मुंबईची एक सिनेमा कंपनी आमच्या मिठागरावर शूटिंगला आली. सिनेमातली नायिका मिठागरावर काम करणारी पोर होती. कंपनीला हाताखाली माणसं हवी होती, शिवाय बायकांशी बोलायला त्यांची बोली येणारं कुणीतरी हवं होतं. त्यांचे काही फोटो काकांच्याकडे धुवायला आले होते, काकांनीच माझं नाव सुचवलं. "जा, चार दिवस ऊन खा. तुला उजेडाची हौस आहे ना?"

पहिल्या दिवशी मी तिथे पोचले तेव्हा ताडाच्या झापांच्या मांडवाखाली दोन बाकं मांडली होती. एका बाकावर नायिका बसली होती. गोरीपान, शांत स्वभावाची पोर. मेकअपवाला तिच्या तोंडाला, मानेला, हातांना काळपट रंग चोपडत होता, म्हणजे ती आमच्यातली दिसावी. दुसऱ्या बाकावर आमच्या बायका ओळीने बसल्या होत्या आणि दुसरा एक माणूस त्यांच्या तोंडाला पांढरी पावडर थापत होता, म्हणजे कॅमेऱ्यात त्या दिसाव्यात. तिला आमच्यासारखं करायला काळं, आणि आम्ही आमच्यासारखं दिसू नये म्हणून पांढरं! बायका एकमेकींकडे बघून खिदळत होत्या. घाम आला की पावडरीतून काळे ओघळ यायचे.

मला काम मिळालं रिफ्लेक्टर धरायचं. रिफ्लेक्टर म्हणजे माणसाच्या छातीपर्यंत येईल एवढी लाकडी फळी, तिला चंदेरी कागद चिकटवलेला. मोकळ्यावर शूटिंग असलं की सूर्य हाच मोठा दिवा, आणि हा दिवा कुणाच्या बापाचं ऐकत नाही. दुपारी तो डोक्यावर आला की कपाळ पांढरं पडतं आणि डोळ्यांच्या खोबणीत अंधार होतो. मग फळीवर ऊन घ्यायचं आणि खालून, बाजूने त्या अंधारात सोडायचं. दोन तऱ्हेच्या फळ्या होत्या. एक आरशासारखी चकचकीत, तिचा उजेड सुरीसारखा लांबवर जायचा. दुसरीचा कागद चुरगळून पुन्हा सपाट केलेला, तिचा उजेड मऊ, पसरट. खाडीवरचा वारा फळीला शिडासारखा खेचायचा. फळी हलली की नायिकेच्या गालावरचा उजेड थरथरायचा आणि कॅमेरामन ओरडायचे, "बाई, भूकंप थांबवा!"

कॅमेरामन पन्नाशीकडे झुकलेले गृहस्थ होते. तापट, पण शिकवायला कंजूष नव्हते. त्यांच्या गळ्यात दोरीला एक काळी काच असायची. ती त्यांनी माझ्या डोळ्याला लावली. "यातून बघा. कॅमेऱ्याला असंच दिसतं. आपला डोळा लबाड असतो, अंधारातलंही बघून घेतो. कॅमेरा नाही घेत."

मी काचेतून नायिकेकडे पाहिलं. डोक्यावर पातळ जाळी धरलेली, म्हणजे ऊन गाळून यावं. डावीकडून मऊ फळी, मागून चकचकीत फळी केसांवर. चेहरा सोन्याच्या नाण्यासारखा. मग काच मी तिच्या मागे काम करणाऱ्या आमच्या बायकांकडे वळवली. पांढरं मीठ आणि काळे डाग. कचेरीतला फोटो पुन्हा माझ्यासमोर उभा.

"साहेब, त्यांच्यावर एखादी फळी मारली तर?"

"त्या मागे आहेत, बाई. मागच्यांवर कोण उजेड खर्च करतं? पावडर लावली आहे ना."

तिसऱ्या की चौथ्या दिवशी आयचा प्रसंग आला. नायिका पहिल्यांदा मिठाची पाटी उचलते आणि एक म्हातारी ती तिच्या डोक्यावर चढवून देते, तिच्याकडे बघून एक शब्द बोलते, "सांबाल," म्हणजे सांभाळ. दिग्दर्शकाने सगळ्या बायकांना पाटी चढवायला लावून बघितली आणि आयला निवडलं. तिचा हात ठाम होता. पाटी देताना ती पोरीच्या मानेला दुसऱ्या हाताने टेकू द्यायची, तसं बाकी कुणी केलं नव्हतं. दोघींचे चेहरे अगदी जवळून घ्यायचे होते, शेजारी शेजारी.

मेकअपवाला डबा घेऊन आला. आयने त्याचा हात धरला.

"काय लावतंस?"

"पावडर, मावशी. नाहीतर तोंड दिसणार नाही."

"कोनाला दिसनार नाय?"

"कॅमेऱ्याला."

"मंग त्याच्या डोल्यान् अवशिद घाला. माज्या तोंडाला काय जालंय?"

सगळे हसले. मेकअपवाल्याला वाटलं ही गंमत करतेय, त्याने पटकन तिच्या गालावर पावडरीचा फटका मारलाच. आय उठली. बांधावरून खाली उतरली, खाऱ्या पाण्याच्या ओंजळी घेऊन तिने तोंड खसाखसा धुतलं, लुगड्याच्या पदराने पुसलं, आणि परत येऊन आपल्या जागेवर उभी राहिली. चेहऱ्यावर मिठाचं पाणी चमकत होतं. "आता ग्या फोटो."

दिग्दर्शक तापला. त्याने मुकादमाला बोलावलं. मुकादम आमच्याच गावचा, आयला नावाने ओळखणारा. तो म्हणाला, "कशाला कामाची खोटी करतंस, वयनी? लाव ना गुमान. नाय तर उद्यापास्नं आगरान् पाय ठेवायचा नाय."

"नाय ठेवनार," आय म्हणाली. "पन ह्ये लावून माजं त्वांड मी दावनार नाय. त्या पोरीला काला रंग लावून माज्यासारखी केली ना? मंग माजा रंग तुमाला पायजेच हाय. फकस्त माज्या तोंडावं नको."

मग एकेक बाई पाटी खाली ठेवून बांधावर बसली. कुणी ठरवलं नव्हतं, कुणी पुढारपण केलं नाही. आधी आयच्या शेजारची बसली, मग तिची जाऊ, मग सगळ्याच. पदराने तोंडं पुसायला लागल्या.

कॅमेरामन माझ्याकडे वळले. "बाई, समजवा त्यांना. तुमचीच माणसं आहेत. आणि ती फळी उचला, ऊन चाललं."

मी फळी उचलली नाही. चंदेरी बाजू खाली करून मी ती जमिनीवर आडवी ठेवली. "साहेब, एक विचारू? पावडर न लावता तो चेहरा घेता येतो की नाही?"

"येतो."

"तुम्हाला येतो?"

त्यांना ते झोंबलं. "मला येणार नाही तर कुणाला येणार? पण त्याला वेळ लागतो. सगळा उजेड पुन्हा मांडावा लागतो. गर्दीतल्या एका म्हातारीसाठी कोण एवढं करतं?"

"तुम्ही करा," मी म्हटलं. "नायिकेसाठी रोज सकाळी मांडता, तसा मांडा. तुम्हाला येत नसतं तर मी गप्प बसले असते. येतं आणि करत नाही, हे मी स्टुडिओत रोज बघते. तिथे पेन्सिल असते, इथे पावडर. मी फळी धरणार नाही."

दिग्दर्शक म्हणाला, "हिला घरी पाठवा." मी म्हटलं, "जाते. पण फळी कोण धरणार? वाऱ्यात." फळ्या धरणारे बाकीचे दोघे लाइटमन दुसरीकडे बघू लागले. त्यांतला एक हळूच म्हणाला, "साहेब, करून तर बघू या." तो मद्रासकडचा होता, माझ्याइतकाच काळा.

कॅमेरामननी काळी काच डोळ्याला लावून आयकडे बराच वेळ पाहिलं. मग ते पुटपुटले, "हे मागचं मीठ सगळा घोळ करतंय." आणि तिथून पुढे ते कुणाशी भांडलेच नाहीत, कामाला लागले.

आधी त्यांनी दोघींना मिठाच्या पांढऱ्या राशीपुढून हलवलं आणि गवताने शाकारलेल्या जुन्या राशीपुढे उभं केलं. मागचं गडद झाल्यावर आयचा चेहरा मागच्यापेक्षा उजळ दिसायला लागला. मग दोघींना फिरवून सूर्य त्यांच्या पाठीशी, थोडा बाजूला घेतला. तो आयच्या पांढऱ्या केसांवर आणि खांद्यावर उतरला. समोरून मी चकचकीत फळी मारली, आणि पहिल्या झटक्यात सगळं फसलं. आयचे डोळे मिटले, पाणी वाहायला लागलं.

"ह्ये तर आंधली करायचं काम हाय!" ती ओरडली. "लेकी, आयच्या डोल्यात काय मारतंस?"

दिग्दर्शकाने हात वर केले. "बघा! म्हणून सांगत होतो."

कॅमेरामन म्हणाले, "ती फळी नको. मऊवाली आणा, जवळ आणा. अजून जवळ. आणि तिच्यावर कापड टाका." कापड कुठून आणायचं? बांधावरच्या एका बाईने भाकरी बांधून आणलेलं पांढरं फडकं झटकून दिलं. ते ओलं करून फळीवर ताणलं. उजेड लोण्यासारखा झाला. मी फळी आयच्या अगदी जवळ, कमरेच्या खाली धरून बसले, वाऱ्याला पाठ देऊन. मद्रासी लाइटमनने नायिकेची फळी थोडी मागे नेली, तिला कमी उजेड पुरत होता. आणि आयच्या दुसऱ्या गालाजवळ कॅमेरामननी काहीच धरलं नाही. "तिकडे सावली राहू दे," ते म्हणाले. "सावली पुसली की माणूस पुसला जातो."

मेकअपवाला आयच्या कपाळावरचा घाम टिपायला पुढे झाला. कॅमेरामन ओरडले, "हात लावू नका! तोच तर घेतोय मी." घाम आणि खारं पाणी मिळून कातडीवर एक चकाकी आली होती. गालाचं हाड, कपाळावरच्या रेघा, नाकाची कड, सगळं त्या चकाकीने बोलत होतं. त्यांनी काळी काच माझ्या डोळ्याला लावली. "बघा, बाई."

मी पाहिलं. डाग नव्हता. माझी आय होती.

पाटी चढली. आय म्हणाली, "सांबाल." एकदाच घेतलं, पुरलं. बांधावरच्या बायका उठून कामाला लागल्या, पण त्या दिवसानंतर एकीनेही पावडर लावून घेतली नाही, आणि कंपनीनेही डबा पुन्हा काढला नाही.

मुकादमाने आपला शब्द खरा केला. कंपनी गेल्यावर आयला त्या हंगामात काम मिळालं नाही. मी त्याच्याकडे भांडायला निघाले तर तिने मला अडवलं. "जाऊ नको. तो बोलावंल तवा माज्या पायानं मी जानार हाय का बग." ती पनवेलला आली आणि बाजारात सुकी मासळी घेऊन बसायला लागली. ओरडायला आवाज मोठा होता, धंदा जमला. पुढच्या हंगामात मुकादमाने निरोप धाडला, तेव्हा तिने निरोप्याला बोंबील दिले आणि परत पाठवलं.

सिनेमा पनवेलला यायला बराच काळ गेला. दुपारचा खेळ होता. आमच्या गावच्या बायका बैलगाड्या करून आल्या होत्या, मिठाने कापलेल्या पायांना नव्या चपला घालून. सिनेमा सुमार होता. नायिका मिठागरावर कमी आणि स्वप्नातच जास्त नाचत होती. मग तो प्रसंग आला. पडदाभर दोन चेहरे. नायिकेचा रंग लावलेला होता हे कुणालाही कळत होतं, कारण शेजारी खरा रंग उभा होता. "सांबाल," आय म्हणाली आणि अख्ख्या थेटरात आमच्या बायकांनी एकच कल्ला केला. पुढची माणसं "बसा, बसा" ओरडत होती. कुणी बसलं नाही.

बाहेर उन्हात आल्यावर आय म्हणाली, "नाक माज्या आयचं हाय गो. आरशात समोरनं दिसतं. बाजूनं मी मला कदी बगितलंच नव्हतं."

शूटिंग संपवून स्टुडिओत परतले तेव्हाच मी काकांना सांगितलं होतं की रंगासाठी पेन्सिल चालवणार नाही. व्रण झाकीन, डोळ्यांखालचं पुसीन, रंग नाही. काका चिडले. "गिऱ्हाईक तुझ्या तत्त्वांवर फोटो काढत नाही." मी म्हटलं, "मग मला काढून टाका." त्यांनी काढलं नाही. आठवडाभर बोलले नाहीत एवढंच. मग एका सकाळी पडद्यांच्या दोऱ्या माझ्या हातात देऊन म्हणाले, "पेन्सिल चालवायची नसेल तर उजेड तू मांड. आणि लोकांच्या शिव्याही तूच खा."

शिव्या मी खाल्ल्या. काही गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली. काहींनी बाई उजेड मांडते म्हणून नाकं मुरडली. खुर्चीतल्या मुलींना मी मात्र आधी एवढंच विचारायचे, "कुठल्या बाजूला भांग पाडतेस?" आणि त्या बाजूने उजेड आणायचे, दुसरीकडे चादर थोडी दूर धरायचे, मागे गडद पडदा सोडायचे. काळ्या केसांवर पाठीमागून एक रेघ.

रोडपालीकडचा एक बाप मुलीला घेऊन आला होता, ते मला अजून लख्ख आठवतं. पोरगी माझ्याएवढीच काळी, कपाळ मोठं, नजर सरळ. फोटो न्यायला दोघं आली तेव्हा बापाने तो दाराशी उजेडात धरला आणि माझ्यावर डोळे वटारले.

"ही तर काळीच दिसतेय!"

"काळीच आहे," मी म्हटलं. "नीट बघा की. दिसतेय ना ती?"

"पाहुण्यांना हा दाखवू? दुसरा काढा. उजळ."

मी बोलणार तोच पोरीने बापाच्या हातातून फोटो काढून घेतला. दाराशी उभी राहून तिने तो बराच वेळ पाहिला, एकदा लांब धरून, एकदा जवळ आणून. मग म्हणाली, "ह्योच दावायचा. बघून जो येल तो येल," आणि फोटो छातीशी धरून ती पायऱ्या उतरली. बाप तिच्या मागे गेला.